तुम्ही विचारलंत म्हणून: लस होती, तरी देवीचा रोग जायला इतकी वर्षे का लागली?

साथरोगांविषयी बोलताना मला हा प्रश्न हटकून विचारला जातो. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि ती भारतातली पहिली मानली जाते. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लसही होती आणि देवीही होती.

जुनी द्रवरूप लस आपल्या उन्हाळ्यात टिकत नसे, हे एक कारण. गोठवून वाळवलेली लस आल्यावर ते दूर झाले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सर्वांना टोचणे हेच उद्दिष्ट होते. टोचणीचे आकडे वाढत गेले, पण सहज हाती लागणाऱ्या शाळकरी मुलांनाच पुन्हा पुन्हा टोचले जाई आणि तान्ही बाळे, भटकी कुटुंबे, पोटासाठी गाव सोडणारी माणसे सुटून जात.

१९७३ मध्ये शोधमोहीम सुरू झाली आणि मुख्य प्रश्नच बदलला: किती जणांना टोचले, यापेक्षा रोगी कुठे आहे? आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या बाळाचे चित्र घेऊन घरोघर, शाळांत, बाजारांत विचारत फिरले. खबर देणाऱ्याला बक्षीस असे. रोगी सापडला की घरावर पहारा बसे आणि भोवतालच्या सर्वांना दुतोंडी (टोकाला दोन दाते असलेल्या) सुईने टोचले जाई. हा विषाणू माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात वस्ती करत नाही आणि देवीचे फोड सहसा ओळखू येतात, म्हणूनच ही वाट फळाला आली. १९७४ मध्ये बिहारमध्ये मोठी साथ उसळली, तरी पुढच्याच वर्षी २४ मे रोजी आसामातील करीमगंज येथे शेवटची रुग्ण आढळली. तीही बांगलादेशातून आलेली होती.

शेवटच्या टप्प्यात काही ठिकाणी नको म्हणणाऱ्यांना बळजबरीने टोचले गेले, हेही मी प्रत्येक वेळी सांगते. अशा बळजबरीने उलटेच होते: १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोल्जर झडतीसाठी घरांत शिरले, तेव्हा धास्तावलेले लोक रोगी लपवू लागले होते. देवीच्या शोधाचा तर सारा भार, बाजारात चित्र पाहून कुणीतरी आपल्या आळीतल्या आजारी पोराचे घर दाखवण्यावरच होता.