मोल्सवर्थ आडनावाचा माग : कुठवर आलोय

आमच्या घरात मोल्सवर्थ हा माणूस नव्हता, वस्तू होती. शब्द अडला की आजोबा म्हणायचे, “मोल्सवर्थ आण रे,” आणि कपाटाच्या खालच्या फळीवरचा तो पुठ्ठा सुटलेला मराठी-इंग्रजी कोश दोन्ही हातांनी उचलून आणावा लागायचा. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची. आपण सगळे वापरतो ती दुसरी, १८५७ची, साठ हजारांच्या आसपास शब्दांची. एवढे शब्द खणून काढणाऱ्याचं स्वतःचं आडनाव कुठलं, हा प्रश्न मला पडायला पन्नाशी उजाडली.

कुलवृत्तांत चाळत बसायची खोड जुनीच, ती आता साहेबाच्या आडनावाकडे वळली इतकंच. तिकडे या छंदाला वन-नेम स्टडी म्हणतात. एकच आडनाव धरायचं आणि ते लावणारा जगातला प्रत्येक माणूस गोळा करायचा, नात्यातला असो नसो. इंग्लंडात १९७९ पासून या मंडळींची एक गिल्डसुद्धा आहे. कुलवृत्तांतात आपण मूळ पुरुषापासून खाली उतरत येतो. इथे मूळ पुरुष एकच असेल याची खात्री नसते, म्हणून आधी सगळे वेचायचे आणि कोण कोणाचा ते मागाहून जुळवायचं. आडनाव दुर्मीळ असलं की यादी आवाक्यात राहते. स्मिथ घेतलं असतं तर निस्तरायला पुढची पिढी बसवावी लागली असती.

मूळ गाव

हे एका संध्याकाळचं काम निघालं. मोल्सवर्थ नावाचं गाव आहे, इंग्लंडात हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला सोळा-सतरा किलोमीटरवर. १०८६च्या डोम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवलेल्या जमीनपाहणीत, त्याचं नाव ‘मोलेसवर्द’ असं आलंय. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, आवार. ‘मूल’ हे माणसाचं नाव. तेव्हा मूलचं आवार. आपल्याकडे माणसाच्या नावाला वाडी लागून गाव होतं, तीच घडण. इलिंगवर्थ, बटरवर्थ, अ‍ॅशवर्थ ही क्रिकेटच्या बातम्यांतून ओळखीची झालेली आडनावंही याच ‘वर्थ’ची. मूल हे नाव खेचर या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. केंटच्या गादीवर बसलेल्या एका मूलला लोकांनी ६८७ साली जाळून मारलं होतं. तो हा मूल नव्हे, पण त्या काळी पोरांना असं नाव ठेवत असत एवढं त्यावरून कळतं.

इंटरनेटवर नुसतं ‘मोल्सवर्थ’ शोधलंत तर आडनाव राहील बाजूला आणि विमानतळ समोर येईल. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकन बी-१७ विमानं उडत, १९८०च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रांवरून तळाबाहेर आंदोलकांनी तळ ठोकला होता. माझ्या पहिल्या दोन रात्री त्यातच गेल्या. वाया गेल्या म्हणवत नाही.

आडनाव गावावरून पडलंय म्हणजे गावात मोल्सवर्थ मंडळींची दाटी असणार, असं मी धरून चाललो होतो. मराठी माणसाने तरी ही चूक करायला नको होती. चिपळुणात कोण कुणाला चिपळूणकर म्हणणार? गाव सुटलं, परक्या गावच्या चार माणसांनी “कुठले तुम्ही?” विचारलं, की मग ‘कर’ चिकटतो. तेराव्या-चौदाव्या शतकात इंग्लंडात आडनावं स्थिरावत होती तेव्हा ‘दे मोल्सवर्थ’ हेही गाव सोडलेल्याचंच नाव होतं. एडवर्ड पहिल्याच्या काळात बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशरचा शेरीफ होता वॉल्टर दे मोल्सवर्थ. गाव हंटिंग्डनशरमधलं, माणूस शेजारच्या मुलखात कामाला. त्यामुळे सापडलेली प्रत्येक नोंद नकाशावर टोचली तर मूळ गावाच्या जागी मोकळं वर्तुळ आणि भोवती ठिपके, असंच चित्र दिसायला हवं.

पहिली फजिती

पण माझ्या नकाशावर मूळ गाव गच्च भरलेलं दिसत होतं. मी खूश. १८५१च्या खानेसुमारीत हंटिंग्डनशरमध्ये एवढे मोल्सवर्थ!

तीन आठवड्यांनी एका ओळीवर अडलो. शेतमजूर, वय ३४, आडनावाच्या रकान्यात मोल्सवर्थ. त्याच्या बायकोचं आडनाव मात्र वेगळंच. मूळ पानाचं चित्र उघडून बघितलं तर त्या माणसाचंही तेच. ‘मोल्सवर्थ’ हा शब्द ओळीच्या पार उजव्या टोकाला होता, जन्मठिकाणाच्या रकान्यात. १८४१च्या खानेसुमारीत फक्त एवढंच विचारलं होतं की याच काउंटीत जन्मलात का. १८५१ पासून जन्मगावाचं नाव लिहायला लागले. मी शोधाच्या चौकटीत शब्द टाकला होता तो ‘कुठेही’ असा पर्याय ठेवून, त्यामुळे गावात जन्मलेले सगळे आडनावासकट माझ्या पदरात पडले. डब्लिनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर राहणारे पत्त्यामुळे आले. मधलं नाव म्हणून आईकडचं ‘मोल्सवर्थ’ लावणारे आले ते निराळेच. निम्म्याहून जास्त ओळी उडवाव्या लागल्या. उरलेल्या पुन्हा टोचल्या आणि गावाच्या जागी हवं ते मोकळं वर्तुळ दिसलं, तेव्हा उगाच हसू आलं.

नवीन सुरुवात करणाऱ्यांनी एवढं करा : आडनाव, मधलं नाव, जन्मठिकाण, पत्ता, चारही रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. आणि १८४१ची वयं जशीच्या तशी धरू नका. पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढायची सूचना तेव्हा होती. ३९चा माणूस ३५चा होतो.

चेशरचा ‘ड’

ही गाठ सगळ्यात अवघड. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळं गाव आहे. त्यातला पहिला शब्द ‘मोल्डा’, म्हणजे माथा, टेकडी. दोन्ही गावांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण बोलताना ‘ल्ड्स’मधला ‘ड’ गिळला जातो, पाद्री ऐकेल तसं लिहितो, आणि दोन पिढ्यांत चेशरचा माणूस हंटिंग्डनशरच्या पंगतीला येऊन बसतो.

इथे साउंडेक्सने हात दिला नाही, उलट गोंधळ पक्का केला. ओळख नसलेल्यांसाठी : साउंडेक्स म्हणजे आडनावाचा उच्चारावरून बनवलेला संकेतांक. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर टाकायचे, ‘एच’ आणि ‘डब्ल्यू’ही टाकायचे, उरलेल्या पहिल्या तीन व्यंजनांना आकडे द्यायचे. मोल्सवर्थमध्ये ‘एल’ला ४, ‘एस’ला २, ‘आर’ला ६, म्हणजे एम-४२६. मोल्ड्सवर्थमध्ये ‘एल’ला ४, ‘डी’ला ३, ‘एस’ला २, म्हणजे एम-४३२. एका ‘ड’ने घर बदललं! बाप एम-४३२मध्ये आणि मुलगा एम-४२६मध्ये असेल तर यंत्राला ते बापलेक कधीच दिसणार नाहीत. म्हणून चेशर आणि लँकशरची जुनी पॅरिश रजिस्टरं, म्हणजे चर्चच्या नोंदवह्या, मी संकेतांकाच्या नादी न लागता पानं उलटत वाचतोय. आजोबा किंवा पणज्याच्या नोंदीत एकदा जरी ‘ड’ सापडला, तर त्या घराला वेगळा रंग. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचा हुकूम १५३८चा, म्हणजे त्यामागे हे साधन पोचत नाही. त्याच्या आधीचा ‘ड’ गिळला असेल तर गिळला.

मोठी घराणी

यांच्याबद्दल छापील माहिती रग्गड आहे, म्हणून थोडक्यात. पीअरेजच्या, म्हणजे उमरावांच्या वंशावळींच्या, ग्रंथांत फॉदरिंगेचा अँथनी मोल्सवर्थ भेटतो. राणी एलिझाबेथचा पाहुणचार करता करता कर्जात बुडाला आणि जमीनजुमला विकून बसला, असं ते ग्रंथ सांगतात. असल्या ग्रंथांत प्रत्येक घराण्याने राजाराणीला जेवू घातलेलं असतंच, तेव्हा जरा बेतानेच घ्या. मला त्यात रस वेगळा. फॉदरिंगे मूळ गावापासून सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आत. याच कुळातले दुसरे हेल्पस्टनचे, तेही तीस किलोमीटरच्या आसपास. तीनशे वर्षांत आडनाव तालुक्याबाहेर फारसं गेलेलंच नाही!

आणि मग दोन उड्या. हेल्पस्टनचा जॉन कॉर्नवॉलमध्ये सरकारी कामावर गेला, तिथल्या हेंडर घराण्यात लग्न केलं, आणि वेडब्रिजजवळचं पेनकॅरो हे त्या शाखेचं ठाणं झालं. सासरचं आडनाव पुढे नातवंडात उतरलं : हेंडर मोल्सवर्थ, जमैकाचा कारभार पाहिलेला, १६८९ साली बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने ‘सर’. दुसरी उडी आयर्लंडला. डब्लिनमधला व्यापारी रॉबर्ट मोल्सवर्थ १६५६ साली वारला आणि चारच दिवसांनी त्याचा मुलगा जन्मला. हा धाकटा रॉबर्ट १७१६ साली पहिला व्हायकाउंट (उमरावकीची एक पदवी) मोल्सवर्थ झाला.

रस्ते मोजायचे नाहीत

डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट आयर्लंडच्या संसदेसमोर, लेन्स्टर हाउसच्या दारात जाऊन थांबतो. न्यूझीलंडची संसदही वेलिंग्टनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीटवरच आहे. दोन देशांच्या संसदा, दोन्ही दारांत एकच आडनाव. आधी वाटलं एकाच माणसाचं कर्तृत्व असणार. तसं नाही. डब्लिनचा रस्ता व्हायकाउंटांच्या जमिनीवर आखलेला, म्हणजे आयरिश शाखेचा. वेलिंग्टनचा रस्ता कॉर्नवॉलच्या सर विल्यम मोल्सवर्थच्या नावाचा. तो न्यूझीलंड कंपनीचा संचालक होता, पुढे १८५५ साली वसाहतमंत्री झाला आणि त्याच वर्षी वारला. त्याचा भाऊ फ्रान्सिस १८४० साली खरोखर तिकडे राहायला गेला होता. वेलिंग्टन बंदराच्या तोंडावरच्या टोकाला तर घराचंच नाव पडलं, पेनकॅरो हेड. न्यूझीलंडचं पहिलं दीपगृह १८५९ साली तिथेच उभं राहिलं.

मार्लबरो प्रांतात मोल्सवर्थ स्टेशन हे न्यूझीलंडमधलं सगळ्यात मोठं कुरण, सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियात एक मोल्सवर्थ, टास्मानियात आणखी एक. हे सगळं टोचलं की नकाशा असा भारदस्त दिसतो की वाटावं अर्धं जग यांच्यातलंच आहे. सगळं काढून टाकलं. रस्त्याला नाव देणारा तिथे राहतोच असं नाही. मला घरं मोजायची आहेत, पाट्या नाही. ज्या घरांवरून आडनावाचा पसारा खरा कळतो ती शेतमजुरांची, विणकरांची, मोलकरणींची. १८४१च्या पानांवर त्यांच्या नावापुढे ‘अ‍ॅग लॅब’ एवढे दोन तुटके शब्द असतात, शेतमजूर या अर्थाची. त्यांच्यासाठी कुणी ग्रंथ छापलेला नाही.

आयर्लंडकडे काम मंद आहे आणि त्याला कारणही आहे. ३० जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दप्तरखाना लढाईत जळाला. १८२१ ते १८५१च्या खानेसुमाऱ्यांचा बराचसा भाग त्यातच गेला. पुढच्या चार तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. हाताशी राहतात ग्रिफिथची जमीनमहसूल पाहणी आणि १९०१, १९११च्या अखंड खानेसुमाऱ्या. मधली पन्नास वर्षं दाराच्या फटीतून बघितल्यासारखी.

उलट इंग्लंड-वेल्समध्ये १९११ नंतरची घरं पटापट जुळतात. त्या वर्षाच्या सप्टेंबर तिमाहीपासून जन्माच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव छापायला लागले. स्मिथला त्याचा उपयोग नाही, आपल्यासारख्या दुर्मीळ आडनावाला मात्र सोन्यासारखा. एका जिल्ह्यात मोल्सवर्थ आणि त्याच माहेराच्या चार नोंदी ओळीने आल्या, की ती चार भावंडं, बहुधा.

हिंदुस्थानातले दोन

आपल्याकडच्या जुन्या इंजिनिअरांना मोल्सवर्थ म्हटलं की कोश आठवत नाही, खिशात मावणारं सूत्रांचं पुस्तक आठवतं. ते गिल्फर्ड मोल्सवर्थचं. आधी सिलोनच्या रेल्वेचा प्रमुख, मग १८७१ ते १८८९ हिंदुस्थान सरकारचा रेल्वेसाठीचा सल्लागार अभियंता. माझ्या पहिल्या तक्त्यात एका मित्राने पाठवलेल्या ओळीमुळे कोशकार आणि हा अभियंता एकच होऊन बसले होते. १८३१ साली कोश छापून आला तेव्हा गिल्फर्ड तीन वर्षांचा होता! त्याचं घर आता तक्त्यात पूर्ण हिरवं, म्हणजे पक्कं जुळलेलं, झालंय : वडील रॉचडेलचे व्हिकर, भाऊ विल्यम नासाऊ इतिहासकार आणि तोही रॉचडेललाच पाद्री.

कोशकाराची ओळ मी मुद्दाम पिवळी, म्हणजे अजून न जुळलेली, ठेवलीय. ‘अमुक व्हायकाउंटचा अमुक’ असं कुठेतरी वाचून फांदीवर बसवायचं नाही, हा नियम सगळ्यांना लावला तर त्यालाही लावायला हवा. कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून अर्ज करताना बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे. हे कॅडेट पेपर्स लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. भाची तिकडे शिकायला आहे. तिला वाचनकक्षाचं कार्ड काढायला सांगितलंय. “मामा, पेन्सिलच न्यायची, पेन चालत नाही,” असं तिचं काल उत्तर आलं.