आमची वाटचाल : पाटेवाले रॅलीला जातात तेव्हा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांनी पाट्यांचं, म्हणजे गाडीचे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं (लीफ स्प्रिंग), वर्कशॉप टाकलं तेव्हा गिऱ्हाईक एकच, उसाच्या ट्रॉलीवाले. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचं गाळप सुरू होतं ते मार्चपर्यंत चालतं. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यात क्षमतेच्या वर भरलेला ऊस आणि खाली फडातली चाकोरी. रात्री दोनला पाटा तुटतो आणि पहाटे पाचला ट्रॉलीवाला आमच्या दारात उभा. हंगाम संपला की ट्रक-टेम्पोची किरकोळ कामं आणि उधारीची वसुली. वसुलीलाच जास्त घाम येतो, पण तो विषय वेगळा.

मी आणि धाकटा भाऊ धंद्यात आलो आणि पावसाळ्यातली मंदी भरून काढायला जिप्सीची कामं घ्यायला लागलो. मारुतीची ही गाडी 1985 मध्ये बाजारात आली. शेवटपर्यंत तिला पुढं-मागं पाटेच होते. त्यामुळं आमच्यासारख्यांना ती फार सोयीची. चिखलात, डोंगरात गाड्या घालणाऱ्या पोरांचा एक गोतावळा आमच्याकडं जमला. त्यातलाच एक जण, स्वतः ऊस पिकवणारा, एक दिवस म्हणाला, "दादा, डेझर्ट स्टॉर्मला गाडी उतरवायची आहे. पाटे तुमचे, पिंजरा तुमचा, सर्व्हिसही तुमचीच."

2003 मध्ये सुरू झालेली, राजस्थानच्या वाळवंटातली ही रॅली. गाडी आणि प्रवेश फी त्याची, काम आणि माणसं आमची, असं ठरलं. भाऊ नॅव्हिगेटर, म्हणजे वाट सांगणारा, म्हणून शेजारी बसणार. अडचण एकच, रॅली ऐन हंगामात. आईनं सरळ विचारलं, "दारात ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना वाळूत काय काम आहे?" प्रश्न रास्त होता. आम्ही अर्धी माणसं वर्कशॉपवर ठेवली आणि निघालो.

त्याआधी पिंजऱ्याचं प्रकरण झालं. गाडी उलटली तर आतली माणसं वाचावीत म्हणून रोल केज बसवावा लागतो आणि त्याचे नियम मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे. पाइप थंड ओढलेल्या सीमलेस कार्बन स्टीलचा, मुख्य कमानीला 45 मि.मी. व्यास आणि अडीच मि.मी. जाडी, नाहीतर 50 मि.मी. व्यास आणि दोन मि.मी. जाडी. वाकवायचा तोही थंडच, आणि वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट. आमच्या मामांचं, म्हणजे हेड मिस्त्रींचं, आयुष्य भट्टीपुढं गेलेलं. लोखंड लाल केल्याशिवाय हात लावायचा नाही हा त्यांचा शिरस्ता. थंड पाइप वाकवायचा म्हटल्यावर दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र बेंडिंगची डाय, म्हणजे पाइप वाकवायचा साचा, स्वतःच लेथवर काढून आणली. आज आमच्याकडं रोल केजची जी कामं येतात ती याच डायवर होतात.

वाळवंट म्हणजे नुसती वाळू, असं आम्हालाही वाटायचं. पण गाडी तोडतो तो बहुतेक टणक भाग. दगडी माळ, कोरड्या नाल्यांचे कंगोरे आणि मैलोन्‌मैल आडव्या लाटा पडलेले कच्चे रस्ते. त्या लाटांवरून गाडी थरथरत जाते आणि प्रत्येक नट हळूहळू सैल होतो. धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, ही वेगळी परीक्षा. वारा येतो त्या बाजूनं चढ सौम्य, पलीकडचा उतार तेहेतीस-चौतीस अंशांचा, एकदम खडा. माथ्यावर वेग कमी पडला तर गाडी पोटावर बसते, जास्त झाला तर पलीकडं नाक खुपसते. टायरमधली हवा 15 पीएसआयपर्यंत खाली आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. पुढं दगड लागले की तीच हवा परत भरायची, नाहीतर टायरची कड फाटते. थंडीतल्या पहाटे वाळू जरा घट्ट असते. दुपारी तिच्यात काही राम राहत नाही. जैसलमेरच्या बाजूला एका ठिकाणी मामांनी मूठभर उचलली, बोटांतून गळू दिली आणि म्हणाले, "मालक, ही वाळू न्हवं, ज्वारीचं पीठ हाय."

भावाचं काम रोडबुक, म्हणजे रॅलीच्या वाटेची वही, वाचणं. त्यात अंतर, वळणाचं छोटं चित्र आणि धोक्याची उद्गारचिन्हं असतात. एक म्हणजे सांभाळा, तीन म्हणजे जीवावर बेतेल. अंतर मोजणारा ट्रिपमीटर शंभर मीटरनं चुकला तरी पुढची सगळी चित्रं खोटी ठरतात. बाहेरून बघणाऱ्याला ड्रायव्हरच दिसतो, पण मला विचाराल तर ही शर्यत निम्मी शेजारच्या सीटवर लढली जाते. भाऊ माझा आहे म्हणून म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या स्टेजमध्ये, म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्यात, पुढचा डावा मास्टर पाटा (जुडग्यातला मुख्य पाटा) तुटला, बरोबर सगळे पाटे मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकात. ॲक्सल मागं सरकला आणि चाक मडगार्डला घासायला लागलं. स्टेज चालू असताना सर्व्हिसच्या माणसाला गाडीला हात लावता येत नाही. जे करायचं ते आत बसलेल्या दोघांनीच. निघताना मामांनी ट्रॉलीची साखळी आणि एक छोटी चेनपुली गाडीत टाकली होती. तिनं ॲक्सल पुढं ओढला, साखळीनं चासीला बांधला आणि दोघं रांगत रांगत स्टेजच्या बाहेर आले. आम्हाला सर्व्हिसला पाऊण तास मिळाला. त्यात पाट्यांचा अख्खा जुडगा बदलला, कारण उशिरा बाहेर पडलं की मिनिटांवर पेनल्टी.

आमच्या शेजारी पहाडातल्या एका टीमचा तळ होता. गाडी सुस्थितीत, तरी त्यांचा मेकॅनिक पिवळ्या रंगाची बाटली घेऊन गाडीखाली शिरला. पाट्यांचा जुडगा ॲक्सलला जखडणारा प्रत्येक यू-बोल्ट पक्का आवळायचा आणि नटवरून खालच्या प्लेटपर्यंत एक रेघ ओढायची. मी विचारलं, "भाईसाहब, ये किसलिए?" वर न बघताच तो म्हणाला, "नट घूमा तो लाइन टूटी. दूर से दिख जाता है."

पाटा भोकात का तुटतो हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. यू-बोल्ट घट्ट असेल तोवर मधला भाग प्लेटखाली दाबलेला राहतो, वाकत नाही आणि भोकावर ताण येत नाही. बोल्ट सैल झाला की तोच भाग प्रत्येक धक्क्याला वाकतो, आणि पाट्यातली सगळ्यात कमजोर जागा तीच. ट्रॉलीवाल्यांना हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो. "दोन खेपा झाल्या की आवळून घ्या" असं पावतीवर छापलंही होतं. पावती कोण वाचतो! रात्री टॉर्च मारून आठ-आठ नटांना पाना लावत बसायला ड्रायव्हरला फुरसत नसते. रेघ मात्र चालता चालता दिसते.

उरलेले दिवस आम्हीही प्रत्येक थांब्यावर रेघा ओढल्या. पुन्हा पाटा तुटला नाही. शेवटच्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर आली, आमच्या वर्गात शेवटून दुसरी. कोल्हापुरात मित्रांनी हार घालून स्वागत केलं आणि क्रमांक कोणी विचारला नाही, हे बरं झालं.

त्या हंगामापासून आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या यू-बोल्टवर पिवळी रेघ असते. सुरुवातीला लोक हसले. "गाडीला हळद लावली काय?" असं विचारणारेही भेटले. आता ट्रॅक्टरचे ड्रायव्हर स्वतःच येतात, "मालक, रेघ तुटली, आवळून द्या." आवळायचे पैसे आम्ही घेत नाही. तुटलेला पाटा घेऊन पहाटे पाचला दारात येणारे कमी झाले आणि माझी झोप वाढली. पाटे कमी तुटले तर धंदा कसा चालणार, असं वडिलांना आधी वाटलं होतं. पण जे आवळायला येतात तेच पुढं पाट्यांचे बुश, शॅकल असे सुटे भाग, नवीन ट्रॉलीचं काम देतात. हिशोब त्यांनीच तपासला आणि विषय संपला.

वर्कशॉपमधली पोरं आता डकार या जगप्रसिद्ध रॅलीच्या बातम्या मोबाइलवर बघतात. 2015 मध्ये मोटरसायकलवाला सी. एस. संतोष डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, छत्तिसावा आला, हे त्यांना तोंडपाठ आहे. 2020 पासून ती रॅली सौदी अरेबियात होते. "आपण कधी जायचं?" असं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : आधी मागच्या हंगामाची उधारी वसूल करून आणा.

तूर्त जिप्सी आणि थारसाठी पाट्यांचे तयार सेट, रोल केज आणि इंजिनाखालच्या संरक्षक प्लेटा अशी कामं बारमाही चालू आहेत. हंगामात मात्र ट्रॉली आधी, रॅलीची गाडी नंतर. हा क्रम आईनं ठरवला आहे आणि तो बदलणार नाही. रॅलीवाल्यांनी आपली गाडी पावसाळ्यातच आणून लावावी.