तोंड सरळ झालंय, मग दुखतंय काय?

"मामा, तोंड तर सरळ झालंय की आता. मग दुखतंय काय अजून?"

रिक्षा स्टँडवरची पोरं विचारतात, साडू विचारतो. मागच्या सीटवर बसलेली, जन्मात पहिल्यांदा भेटलेली माणसंसुद्धा आरशात निरखून विचारतात. तीन वर्षं होत आली. नीट उत्तर द्यायचं तर पाऊण तास लागेल, आणि आमच्या कोल्हापुरात स्टँडपासून पापाच्या तिकटीपर्यंत भाडं दहा मिनिटांचं. म्हणून मी "हाय थोडं थोडं" म्हणतो आणि गिअर टाकतो. पण तुम्ही विचारलंत ना? मग आता बसा.

वारं गेलं, लकवा मारला, झटका आला, कोण काय म्हणालं ते सगळं माझ्या कानावर आलंय. आजाराचं नाव बेल्स पाल्सी, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. आत्यानं नाव ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी महादेवाला बेल वाहून आली. तो बेल नव्हे, हा चार्ल्स बेल, स्कॉटलंडचा सर्जन, त्यानं १८२१ साली चेहऱ्याच्या नसेबद्दल लिहून ठेवलंय, असं सांगितलं तर म्हणाली, "असू दे. महादेवाला काय फरक पडतोय?"

कानामागच्या हाडात एक अरुंद नळी असते, तिच्यातून चेहरा हलवणारी नस येते. नस सुजते, पण हाड काही सैल होत नाही. क्लचची वायर कव्हरात फुगून बसली तर लिव्हर कितीही दाबा, पुढं काही पोचत नाही, तसं. का सुजते? ओठांवर फोड आणणारा एक विषाणू अंगात लपून असतो, तो उठत असावा म्हणतात. नक्की कोणी सांगत नाही. मी मात्र वर्षभर पहाटेच्या गार वाऱ्याला शिव्या घातल्या. रिक्षाला दार नसतं, त्यामुळं ते पटायचं.

आता दुखण्याचं. दुखणं आधी आलं, तोंड नंतर वाकडं झालं. हेच कुणाला खरं वाटत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन दिवस डाव्या कानामागं असा ठणका, की मला वाटलं अक्कलदाढ. मेडिकलमधून गोळी आणून गिळली आणि धंद्यावर गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सरळ बनियनवर. बायको बघतच राहिली.

त्यानंतरचा दिवस मी घालवला. कुणीतरी म्हणालं, पारव्याचं रक्त चोळायचं. पारवा आणणारा माणूस गावाला गेला होता म्हणून पारवा वाचला, पण त्याची वाट बघण्यात माझा दिवस गेला. डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काय सांगितलं? "कपाळाला आठ्या पाडा." उजवीकडं आठ्या पडल्या, डावीकडं कपाळ धुतलेल्या पाटीसारखं. ते म्हणाले, मेंदूतला झटका असता तर बहुतेक कपाळ हललं असतं, हे नसेचं आहे. कपाळ गेलं म्हणून सुटकेचा श्वास टाकणारा माणूस तुम्ही बघितला नसेल.

साखर तपासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या बहात्तर तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. माझे साठेक झाले होते. रात्री झोप येत नाही तेव्हा मी मोबाईलवर वाचत बसतो. त्याच बेलच्या स्कॉटलंडात पाचशेच्या वर रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ साली छापून आला. ही गोळी घेतलेल्यांतले शंभरातले ८३ तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांतले ६४. औषध न घेताही दहातले सातेक जण कधी ना कधी पूर्ण बरे होतात. मला भेटणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा कुणीतरी त्या सातातला असतो. "आमच्या मेव्हण्याला झालं होतं, पंधरा दिवसांत खडखडीत!" असेल. मी उरलेल्यातला आहे.

तर ३१ डिसेंबरची रात्र. ही गोष्ट मी घरातही पूर्ण सांगितलेली नाही.

सहा आठवडे झाले होते. डावी बाजू तसूभर हलत नव्हती. डोळा मिटत नव्हता. मिटायला गेलो की बुबुळ वर जायचं आणि खाली पांढरं दिसायचं, म्हणून धाकटी पोरगी जवळ येत नव्हती. दिवसा थेंब, रात्री मलम लावून वर चिकटपट्टी. तरी डोळ्यात वाळू टाकल्यासारखं. डॉक्टर म्हणाले होते, इतक्यात गाडी चालवू नका. पण रिक्षाचे हप्ते थकले होते आणि एकतीस तारखेला भाडी मिळतात. मास्क लावून बाहेर पडलो. करोना जाऊन मास्क राहिला होता, त्याचा तेवढा उपयोग.

भवानी मंडपाजवळ एक वयस्क जोडपं बसलं. देवदर्शन करून निघालेले, महालक्ष्मी एक्सप्रेस गाठायची घाई. बाई गप्पिष्ट. आम्हाला अंबाबाईचं दर्शन मस्त झालं, तुम्ही रोज जात असाल ना? मी म्हणालो, "अंबाबाईची कृपा." म्हणजे म्हणायला गेलो. प, फ, ब, भ, म म्हणायला दोन्ही ओठ मिटावे लागतात, हे आपल्याला बोलता येत असतं तोवर कळतसुद्धा नाही. माझ्या तोंडून देवीचं नाव कसं आलं ते इथं लिहीत नाही. बाई गप्प झाल्या.

पुढच्या चौकात नाकाबंदी. "कुठनं आलास?" भवानी मंडप. एका शब्दात भ, दुसऱ्यात म आणि प. हवालदारानं टॉर्च तोंडावर मारला. "मास्क काढ." काढला. डावा डोळा लाल, पाणी वाहतंय, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच समजलो असतो. त्यात मागून बाई म्हणाल्या, "बोलतायत पण तसंच ओ."

मशीनची नळी पुढं आली. "फुंक."

फुंकलं. हवा डाव्या कोपऱ्यातून फुस्स. मशीन गप्प. "नीट फुंक." परत तेच. "नाटक करायलाईस व्हय रं?" तिसऱ्यांदा फुंकलं तेव्हा लाळ त्याच्या हातावर उडाली. मला आजार आहे हे सांगायचं होतं. बेल्स पाल्सी. दोन शब्द, दोन्हींची सुरुवातच ओठांनी. मागं हॉर्न वाजत होते आणि डाव्या कानात प्रत्येक हॉर्न खिळ्यासारखा घुसत होता. मोठा आवाज बेतात ठेवणारा कानातला एक बारीक स्नायूही याच नसेवर चालतो. तोही बंद होता.

जोडपं उतरलं. गाडी चुकेल, त्यांचंही बरोबर. बाईंनी पैसे सीटवर ठेवले, हातात दिले नाहीत.

चौथ्यांदा काय सुचलं कुणास ठाऊक, मी दोन बोटांनी ओठाचा डावा कोपरा चिमटीत घट्ट धरला आणि फुंकलं. मशीन वाजलं. शून्य. एवढंच करायचं होतं! पहिल्यांदाच का सुचलं नाही, याचा राग मला त्या हवालदारापेक्षा माझा जास्त आला. तो म्हणाला, "जा." बाकी काही नाही.

गोष्ट इथंच थांबवली तर मी बिचारा ठरतो, आणि एरवी मी इथंच थांबवतो. पण दुसरा एक हवालदार, वयानं मोठा, जवळ आला आणि मवाळ आवाजात म्हणाला, "त्या डोळ्यानं दिसतंय काय?" मी मान हलवली, दिसतंय. खोटं. आग सोसेना म्हणून संध्याकाळीच मलम भरलं होतं, समोरचे सगळे दिवे पसरून एक झाले होते. मी प्यायलो नव्हतो. पण मागं दोन माणसं बसवून गाडी चालवायच्या लायकीचा होतो का? मशीनला तेवढं कळलं नाही. हप्ता होता, पोरं होती, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. कधी पटतं, कधी नाही.

एक जानेवारीपासून माझ्या डोक्यात एकच. परत कुणी फुंकायला सांगितलं तर फुंकता आलं पाहिजे. फुगे आणले. आरशासमोर "पापाची तिकटी, पापाची तिकटी" दोनदोनशे वेळा, सगळा जोर लावून, मान ताठ करून. च्युइंगम चघळला. एके ठिकाणी गालाला करंट देत होते, तोही दोन महिने घेतला. कमी हललं की वाढवून मागायचो. बायको म्हणायची, जरा दमानं घ्या. मी तिच्यावर ओरडायचो, तेही ओठांशिवाय.

मार्चमध्ये गाल पहिल्यांदा फडफडला. स्टँडवर पेढे वाटले. तुमच्या लेखी गोष्ट तिथं संपली. माझं दुसरं दुखणं तिथून सुरू झालं.

सुजून आतले धागे तुटले की नस परत वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. पण वाढताना पत्ता चुकते. ओठाकडं जायचा धागा डोळ्याकडं जातो. ब्रेक दाबावा आणि हॉर्न वाजावा, अशी वायरिंग. मी आता "पापाची तिकटी" स्वच्छ म्हणतो, पण प्रत्येक "प"ला डावा डोळा मिटतो. रिक्षावाल्यानं आरशात बघून बोलताना डोळा मिटणं म्हणजे काय, ते एका कॉलेजच्या मुलीच्या चेहऱ्यावर बघितलंय मी. तेव्हापासून संध्याकाळीही गॉगल, फिका. "मामा, हिरो झालासा काय?" होय, झालो.

आणि गाल सैल पडत नाही. आधी मेलेला होता, आता चोवीस तास आवळलेला. दिवसभर बोललो की संध्याकाळी गालापासून मानेपर्यंत पेटका. थंडीत जास्त. हे ते "थोडं थोडं".

मग करतो काय? पुढं एक फिजिओथेरपिस्ट ताई भेटल्या, त्यांनी फुगे आधी बंद करायला लावले. आता कोमट पाण्यात टॉवेल पिळून गालावर धरतो. अंगठा तोंडात घालून गालाची आतली गाठ हळूहळू ताणतो. आरशासमोर हसायचं, पण इतकं थोडं की डोळ्याला पत्ता लागू नये. जोर लावायचा नाही, हेच सगळ्यात अवघड. आमच्या तालमीच्या गावात जोर लावू नकोस असं कुणी कधी शिकवलेलं नाही. स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन एकदा घेतलं. तीन महिने गाल माणसासारखा वागला, मग उतरलं. परत घ्यायला खिसा बघावा लागतो.

ताईंना मी विचारलं, हे माझ्या फुग्यांनी झालं का? करंटनं? त्या म्हणाल्या, काही प्रमाणात असू शकेल. पण नस इतकी बिघडली की काही न करताही बऱ्याच जणांचं असं होतं. म्हणजे दोष माझा आहेही आणि नाहीही. त्या आरशासमोरच्या माणसाला मी कधी शिव्या देतो, कधी म्हणतो, दुसरं काय करणार होता बिचारा? त्या रात्री चौकात तूच उभा होतास की.

अजून एक गंमत सांगायची राहिली. जेवताना डावा डोळा गळतो. लाळेचा धागा अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन मिळालाय. लग्नाच्या पंगतीत कोल्हापूरचा माणूस तांबड्या रश्श्यानं रडतोय म्हटल्यावर काय काय ऐकावं लागतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. दहीभातानंही येतं हो पाणी. पण दहीभात खाताना कोण बघतंय?

रविवार आहे. आत रस्सा उकळतोय, वास इथवर आला. डावा डोळा सुरू झालाय.