अरंगेत्रम कधी?

आज बेळगावच्या टिळकवाडीत भाचीच्या भरतनाट्यम क्लासबाहेर बसले होते. आत अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसण्याची मुद्रा) पोरींच्या मांड्या थरथरत होत्या. बाहेर पालकांत एकच विषय, अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला एकल कार्यक्रम, कधी? हॉल कुठला, साड्या कुठून, शहापूरहून की थेट कांचीपुरमहून!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय बघूलीस गे मोबाईलात एवढं?"

अग्रिपिना वागानोव्हाबद्दल वाचत होते. सेंट पीटर्सबर्गची बॅले नर्तकी, जन्म १८७९. वडील मारिन्स्की थिएटरात दारावर काम करायचे. १८९७ मध्ये शहरातल्या बॅले शाळेतलं शिक्षण संपलं आणि ही समूहनृत्याच्या रांगेत उभी राहिली. बॅलेरिना हा मानाचा दर्जा मिळाला थेट १९१५ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी रंगमंचावरून निवृत्ती! काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग काय उपयोग?"

उपयोग पुढे झाला. स्वतःला सहज काहीच जमलं नसल्यामुळे असेल (हा माझा अंदाज), उडी नेमकी कुठून निघते, पाठ आणि हात तिला कशी साथ देतात, हे तिने मुळापासून तपासलं. फ्रेंच शैलीतली नजाकत आणि इटालियन शैलीतली ताकद एकत्र करून शिकवण्याची पद्धत बसवली. १९३४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. रशियात आजही तिच्याच पद्धतीने शिकवतात, आणि पीटर्सबर्गच्या त्या शाळेला १९५७ पासून तिचंच नाव आहे.

सेम्योनोव्हा, उलानोव्हा, दुदिन्स्काया या तिघी नामवंत बॅले नर्तकी तिच्याच हाताखाली तयार झालेल्या. उलानोव्हाचे जुने व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. काकूंना एक पाठवलाय.