ग्रीनफील्ड व्हिलेजमधला हॅलोविन: आधी दिवसा, मग रात्री

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत सप्टेंबर संपत आला की विषय निघतोच: यंदा ग्रीनफील्ड व्हिलेजच्या हॅलोविनला जायचं का, आणि लहान मुलं घाबरतील का? आमची लेक सहा वर्षांची, अंधारात बाथरूमपर्यंतही एकटी न जाणारी. त्यातच सावंतवाडीहून आई आलेली. दोघींना घेऊन हे कसं पार पडलं, ते सविस्तर लिहिते.

डिअरबॉर्नमधलं हे गाव म्हणजे उघड्यावरचं संग्रहालयच. ते मोटारवाल्या हेन्री फोर्डने वसवलं आणि १९२९ साली त्याचं उद्घाटन झालं. ठिकठिकाणची जुनी घरं, दुकानं, कार्यशाळा सुट्या करून इथे आणल्या आणि पुन्हा उभ्या केल्या. राइट बंधूंचं ओहायोतलं घर आणि सायकलचं दुकान इथेच आहे. पेन्सिल्व्हेनियात १८३२ साली बांधलेला छपराचा लाकडी पूलही आहे. काही घरांत त्या काळचे कपडे घातलेली माणसं खरोखरच स्वयंपाक करतात, शेती करतात.

मला ठामपणे वाटतं की मूल लहान असेल तर हे गाव आधी उजेडात दाखवावं. तिकिटं वेगवेगळी काढावी लागतात, खर्च वाढतो, तरीही. संध्याकाळच्या तिकिटांवर प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि शनिवारची तिकिटं भराभर संपतात, म्हणून ती आधी काढली आणि दिवसाची फेरी त्याच्या आदल्या रविवारी ठेवली.

डॅगेट यांचं अठराव्या शतकातलं घर मुळात कनेक्टिकटमधलं. भिंतीतली चूल एवढी मोठी की लेक तिच्यात उभी राहिली असती. आकड्याला लोखंडी भांडं टांगलेलं, खाली निखारे. आईने मला विचारायला लावलं, ‘‘या राखेचं काय करतात गं?’’ राख पाण्यात भिजवून त्या खाऱ्या पाण्यात चरबी शिजवायची आणि साबण करायचा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. ‘‘आम्ही तर राखेनेच भांडी घासायचो,’’ आई म्हणाली. मग दोघींच्या गप्पा लांबल्याच. मी मध्ये दुभाष्याचं काम करत राहिले.

फायरस्टोन फार्मवर १८८५ सालातलं ओहायोतलं शेतकरी जीवन दाखवतात. तिथली सुरकुत्यांची मेरिनो मेंढरं लेकीला फार आवडली. जॉर्जियातल्या हर्मिटेज मळ्यावरून आणलेली, गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांची विटांची खोपटीही बघितली. तिथे लेकीला थोडक्यात, पण खरं तेच सांगितलं. ही खोपटी दिवसाच बघावीत, भुतांच्या रात्री नव्हे.

एडिसनच्या न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कच्या, इथे पुन्हा उभारलेल्या प्रयोगशाळेत तर मी स्वतःच रमले. विजेच्या दिव्याच्या शोधाला ५० वर्षं झाली म्हणून २१ ऑक्टोबर १९२९ रोजी म्हाताऱ्या एडिसनला इथे बोलावून तो प्रयोग पुन्हा करायला लावला. त्या वेळी तो ज्या खुर्चीवर बसला, ती फोर्डने तिथल्या तिथे जमिनीला खिळे मारून पक्की करून टाकली. शेजारच्या संग्रहालयात बूच लावलेली एक काचेची नळी आहे. तिच्यात एडिसनचा शेवटचा श्वास आहे असं सांगितलं जातं. कुठल्याही सांगाड्यापेक्षा माझ्या अंगावर काटा आला तो या दोन वस्तू बघून.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी हॅलोविनसाठी सगळ्यात आधीची वेळ घेतली होती. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सातच्या सुमारास सूर्य मावळतो. आत शिरलो तेव्हा संधिप्रकाश होता, घरं ओळखू येत होती, ‘‘हे तर आपण बघितलंय’’ असं लेक सांगत होती. पुढे अंधार तिच्या पावलांबरोबर हळूहळू वाढत गेला. उशिराची वेळ घेतली असती तर तिने फाटकातूनच भोकाड पसरलं असतं.

ठरवून दिलेल्या वाटेने सगळे एकाच दिशेने चालतात. वाटेवर हाताने कोरलेले हजाराहून जास्त भोपळे. मी एकापाशी वाकून नीट पाहिलं: डोळ्यांच्या कडेला साल अर्धवट तासून गर पातळ ठेवला होता, त्यामुळे तिथे प्रकाश मधाच्या रंगाचा दिसत होता. किती कसब आहे त्यात! वेषधारी मंडळी गोष्टी सांगतात, मुलांना खाऊ मिळतो. रक्तबंबाळ असं काही माझ्या पाहण्यात आलं नाही. सगळा थाट शंभर वर्षांपूर्वीच्या हॅलोविनचा.

मग घोड्याच्या टापा ऐकू आल्या. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंगच्या १८२० सालच्या कथेतला, तोफगोळ्याने डोकं उडालेला स्वार. लेक आजीच्या शालीत घुसली. थोड्या वेळाने आतूनच आवाज आला, ‘‘आजी, त्याला वाट कशी दिसते?’’ ‘‘आमच्या खवीसालाही डोकं नसतं,’’ आई म्हणाली, ‘‘त्याचे डोळे छातीत असतात.’’ लेकीने शालीतून तोंड बाहेर काढलं आणि घोडेस्वाराच्या छातीकडे निरखून बघत राहिली. त्यानंतर तिने कुणाचा हात धरला नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. वेषाच्या आत थर्मल घाला, कारण चालणं बरंच आहे आणि रात्री गारठा चांगलाच पडतो. आणि दिवसाची फेरी पुढे ढकलू नका: जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत गाव बंद असतं.