हज-ए-बदल: आईवडिलांच्या नावाने चालताना

हज-ए-बदलला, म्हणजे दुसऱ्याच्या बदली त्याच्या नावाने हज करायला, निघायचं ठरलं की सामान भरण्याआधी आम्ही दोन गोष्टी पक्क्या करून घेतो. जाणाऱ्याचा स्वतःचा फर्ज (बंधनकारक) हज झालेला हवा. शुब्रुमा या आपल्या नातलगाच्या नावाने ‘लब्बैक’ (मी हजर आहे) म्हणणाऱ्याला पैगंबरांनी आधी स्वतःचा हज करायला सांगितलं, त्या हदीसचा याला आधार आहे. शाफई आणि हंबली या धर्मकायद्याच्या परंपरांच्या मतात ही अटच आहे. हनफी परंपरेच्या मतात असा हज होतो, पण मकरूह (नापसंत). दुसरं म्हणजे, ज्यांच्या नावाने जायचं ते वारलेले असावेत, नाहीतर म्हातारपणाने किंवा बरं न होणाऱ्या आजाराने कायमचे अडलेले. नुसते गुडघे दुखतात म्हणून फर्ज हज दुसऱ्यावर सोपवता येत नाही. पैगंबरांच्या शेवटच्या, निरोपाच्या हजमध्ये खसअम कबिल्यातल्या बाईने त्यांना विचारलं होतं, ते सवारीवर नीट बसताही न येणाऱ्या वडिलांबद्दल.

एक हज एकाच माणसाचा. अम्मी-अब्बा दोघांवर फर्ज राहिला असेल तर दोन हज लागतात: दोन वर्षं, नाहीतर दोन माणसं. दुआ मात्र कितीही जणांसाठी मागा.

हनफी मतात बदलचा हज मुळात इफराद, म्हणजे उमराहशिवाय नुसता हज. तमत्तू (आधी उमराह ही छोटी यात्रा, मग वेगळा हज) करायचा असेल तर पाठवणाऱ्याला निघण्याआधी स्पष्ट विचारावं. परवानगी मिळाली तरी तमत्तूची कुर्बानी जाणाऱ्याच्या खिशातून, आणि एहरामात (हजची बंधनं पाळायच्या अवस्थेत) आपल्या हातून चूक होऊन दम (भरपाईची कुर्बानी) लागला तर तोही. हा हिशेब आधी न बोलल्याने घराघरांत मनं दुखावतात.

नियत (संकल्प) मीकातवर, म्हणजे एहराम बांधायच्या ठरलेल्या हद्दीवर. विमानात मीकात झोपेत मागे पडते, म्हणून एहरामच्या चादरी आधीच नेसाव्यात आणि नियत थोडी लवकरच करावी: ‘लब्बैक अल्लाहुम्मा हज्जन अन’ (हे अल्लाह, हजसाठी मी हजर आहे, यांच्या वतीने) आणि पुढे त्यांचं नाव. तमत्तूत इथे उमराहची नियत असते, हजची जिल्हिज्जा या हजच्या महिन्याच्या ८ तारखेला मक्केतून. नेमकं त्या सकाळी मक्केजवळच्या मिनाला जाणाऱ्या बसच्या धांदलीत नाव राहून जातं. जिभेवर आलं नाही तरी मनात पक्कं असेल तर हज त्यांचाच. पुढे प्रत्येक तवाफला (काबाच्या प्रदक्षिणेला) नाव घ्यायची गरज नाही, तलबिया (‘लब्बैक’चा घोष) नेहमीचीच.

मुलगी वडिलांसाठी, मुलगा आईसाठी हज करू शकतो. एहरामचे नियम चालणाऱ्याचे: वडिलांसाठी गेलेली मुलगी आपल्या नेहमीच्या कपड्यांतच असते आणि शेवटी बोटाच्या पेराएवढेच केस कापते.

तवाफचे ७ फेरे, मग सई, म्हणजे सफा आणि मरवा या टेकड्यांमधलं चालणं. सफावरून सुरुवात, मरवावर शेवट. जाणं एक फेरी, येणं दुसरी. जाऊन-येऊन एक धरणारे १४ चालतात आणि मिनाला जायच्या आधीच पाय गमावतात. ७ फेऱ्यांचंच अंतर सुमारे ३ किलोमीटर आहे.

९ तारखेला अरफातच्या मैदानात थांबणं म्हणजे हजचा गाभा, ते चुकलं तर हजच गेला. नमिरा मशिदीचा पुढचा भाग अरफातच्या हद्दीबाहेर आहे. तिथे नमाज पढून तसंच बसून राहू नये. हद्दीच्या पाट्या पाहून आत यावं आणि सूर्य मावळेपर्यंत बाहेर पडू नये. मग मिनाच्या वाटेवरच्या मुजदलिफात मगरिब-इशा (संध्याकाळची आणि रात्रीची नमाज) एकत्र पढून मिनातल्या जमरांना, म्हणजे सैतानाचं प्रतीक असलेल्या खांबांना, मारायला हरभऱ्याएवढे खडे वेचायचे. १२ तारखेला निघायचं तर ४९, १३ पर्यंत थांबायचं तर ७०. गर्दीत खडे निसटतात, म्हणून दहा-बारा जास्तच बांधून घ्यावेत. १० तारखेला फक्त मोठ्या जमराला ७, नंतर रोज तिन्ही जमरांना मिळून २१.

तवाफ-ए-जियारत (अरफातनंतरचा हजचा मुख्य तवाफ) कुणालाच माफ नाही. पाळी आलेली बाई थांबते आणि पाक झाल्यावर करते. तवाफ-ए-विदा (निरोपाचा तवाफ) मात्र तिला माफ आहे.

घरी आल्यावर खर्चाची वही पाठवणाऱ्यासमोर ठेवावी. उरलेले पैसे त्यांचे. त्यांनी आपणहून दिले तरच ठेवायचे.