लाल म्हणजे पाऊस की उघडीप?

शनिवार, रात्री साडेदहा

आत्ताच बीडकडून परतले. पाय सुजलेत, पण डोकं झोपू देत नाही. लिहून टाकलं की कदाचित झोप येईल.

यंदा आठ जण आहेत, सगळे पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले. दोघी हवामानशास्त्राच्या, एक भूशास्त्राचा, एक अर्थशास्त्राचा, दोघी समाजशास्त्राच्या, दोघे कृषिविद्येचे. अभ्यासक्रमाचं नाव भारदस्त आहे, 'हवामानबदल: आंतरविद्याशाखीय संशोधन आणि संवाद'. नाव मीच ठेवलंय, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

जाताना गाडीत प्रत्येकाच्या हातात कागदाचा तुकडा दिला. दुष्काळ म्हणजे काय, एका वाक्यात लिहा. हवामानवालीने लिहिलं, हंगामाचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला की दुष्काळ. भूशास्त्रवाला थेट विहिरींच्या पाणीपातळीत उतरला. कृषिविद्येच्या मुलाचं म्हणणं, पाऊस कितीही पडो, मुळांपाशी ओल नसेल तर दुष्काळच. अर्थशास्त्रवाल्याने पैसेवारी (म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत, एवढंच लिहून कागद परत दिला. समाजशास्त्राच्या मुलीने उलट मलाच विचारलं, "कुणाचा दुष्काळ, मॅडम? ज्याच्याकडे बोअर आहे त्याचा, की ज्याच्याकडे नाही त्याचा?"

नगर येईपर्यंत कडाक्याचं भांडण झालं. बरं वाटलं. वर्गात ही मुलं एकमेकांशी इतकी सभ्य वागतात की दुसऱ्याचं नीट ऐकलेलंच नसतं. समोरचा आपलाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतोय, हे भांडल्याशिवाय कळत नाही. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अहवालांतसुद्धा 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९० टक्के, असं ठरवून घ्यावं लागलंय. जगभरच्या शास्त्रज्ञांना जे बसून ठरवावं लागलं, ते आठ पोरांना आपोआप जमेल असं आपण का धरून चालतो?

गावात पोहोचलो आणि वीज गेली. प्रोजेक्टर पिशवीतच राहिला. देवळाच्या पारावर पंचवीसेक माणसं जमली होती. हवामानवालीने लॅपटॉप उघडून पावसाच्या तुटीचा नकाशा दाखवला. पुढे बसलेल्या एका काकांनी विचारलं, "लाल दिसतंय ते आमचंच ना? मग रेड अलर्ट म्हणता, आणि हितं थेंब नाही."

ती गोंधळली. खरं सांगायचं तर मीही. इतकी वर्षं हे नकाशे बघतेय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. हवामान विभागाच्या इशाऱ्यात लाल म्हणजे अतिमुसळधार पावसाचा धोका. त्याच विभागाच्या पावसाच्या टक्केवारीच्या नकाशात लाल म्हणजे सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस. त्याहून वाईट, ६० टक्क्यांच्या वरची तूट, तिथे पिवळी असते. आणि इशाऱ्यात पिवळा म्हणजे नुसतं लक्ष ठेवा. मोबाइलवर दोन्ही चित्रं पाठोपाठ येतात. काकांचं काय चुकलं?

पोरगी सावरली आणि पुढे सांगू लागली, की जूनमध्ये या भागात पावसाचे नऊ दिवस झाले. कडेला शेंगा निवडत बसलेल्या आजींनी मान वर केली. "कुठले गं नऊ? धूळ बसली नुसती. ढेकूळ तरी भिजलं का?"

हवामानशास्त्रात चोवीस तासांत २.५ मिलिमीटर पडला की तो पावसाचा दिवस. आजींच्या लेखी पाऊस म्हणजे ज्यावर पेरता येतं तो. कृषी विभागही ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असंच सांगतो. गावात काहींनी मृगाच्या पहिल्या सरीवर सोयाबीन टाकलं होतं, ते गेलं. आता दुबार पेरणी, म्हणजे बियाणं पुन्हा, उधारी पुन्हा. नऊ दिवसांच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

दुपारी भूशास्त्रवाल्याला विहीर खोदणारे एक मामा भेटले. हा बेसाल्टच्या थरांबद्दल बोलतोय, ते मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण म्हणताहेत. अर्ध्या तासात दोघं मातीत काडीने रेघा ओढत बसले होते. तिथे माझी काही गरज नव्हती. मी चहा प्यायला गेले.

परतीच्या प्रवासात हवामानवाली बराच वेळ गप्प होती. मग कृषिविद्येच्या मुलाशेजारी जाऊन बसली. काळ्या जमिनीत वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, यायला किती पाऊस लागतो, मध्ये किती दिवसांचा खंड पडला की उगवण मरते, असं विचारत होती. तो म्हणाला, जमिनीच्या खोलीवर आहे, एक आकडा मिळणार नाही. तिने वही काढली. पावसाचे दिवस मोजण्याऐवजी पेरणी तगेल असे पंधरवडे मोजता येतील का, असं काहीतरी तिच्या डोक्यात शिजतंय. संवादाचा तास आपण नेहमी शेवटच्या आठवड्यात ठेवतो, संशोधन झाल्यावर ते 'सोपं करून' सांगायला. आज प्रश्नच बदलला, तोही आजींच्या एका वाक्याने. पुढच्या वर्षी ही सहल पहिल्या आठवड्यात न्यायची.

उतरताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, पण हे थीसिसमध्ये कुठे बसवू? गाइड म्हणतील, ही शेती झाली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या विषयाची नियतकालिकं वेगळी, परीक्षक वेगळे, आणि शेतीवाल्यांना तिची मॉडेलं परकी. दोन गाइड घे म्हणणं सोपं आहे. दोन गाइडांची तोंडं एका दिशेला वळवणं काय असतं, ते मी स्वतः भोगलंय. सोमवारी तिच्या गाइडना फोन करणार आहे. आधी आकड्यांचं बोलेन, आजींचं नंतर.

बुधवारपर्यंत गुण द्यायचेत. तक्त्यात रकाने तीन आहेत: सादरीकरण, मजकूर, वेळेचं भान. सादरीकरण तिचं पार कोसळलं. पेन्सिलीने सात लिहिलेत, अजून शाई लावली नाही.